पार्टीला पाणी पाहिजे

मन्मथच्या खोलीत बिअर आली, बर्फ आला, भाजलेल्या शेंगा आल्या, मेसवाल्याकडून भाकरी आणि वांग्याची भाजी आली. पाणी मात्र आलं नाही. टँकर काल यायचा होता, तो आज येणार होता, आणि आज तो कधी येणार हे विचारायला गेलं तर टँकरवालाच म्हणत होता, "मला कळलं तर तुमाला सांगतो."

लातूर तेव्हा नवा नवा जिल्हा झालेला. गावात जो तो आपल्या पाटीवर 'जिल्हा' रंगवून घेत होता. कोपऱ्यावरचं केशकर्तनालय एका आठवड्यात जिल्हा केशकर्तनालय झालं, त्याच्या शेजारचा पंक्चरवाला जिल्हा पंक्चरवाला झाला. नळांना तेवढा बढतीचा हुकूम आला नव्हता. ते अजून तालुक्याचेच होते आणि दुष्काळामुळं तेही रजेवर गेले होते. घरोघरी पाण्याच्या रांजणांना कुलपं लागली होती. कपाटं उघडी आणि रांजण कुलपात, अशी गत.

अशा दिवसांत ही पार्टी. कारण मोठंच होतं. भुजंग, म्हणजे मुरूडचा भुजंग, वर्गातला सगळ्यात मागं बसणारा, त्याला चक्क नव्या जिल्हा कचेरीत कारकुनाची नोकरी लागली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. मित्रांनी त्याला आत्तापासूनच 'कलेक्टरसाहेब' म्हणायला सुरुवात केली होती आणि तोही 'बोला' म्हणायला लागला होता.

आता तुम्ही म्हणाल, पार्टी पिणाऱ्यानं द्यावी. पण पार्टी देत होता मन्मथ, उदगीरचा, जो सोडावॉटरही अर्धं पिऊन ठेवायचा. त्यालाही कारण होतं. भुजंगला बिअर चढली की आई आठवायची. कुणाला पिल्यावर भांडण आठवतं, कुणाला गाणं आठवतं, याला आई. आणि आठवली की तो लगेच तिला भेटायला निघायचा, जी गाडी दिसेल ती घेऊन. मागच्या वर्षी गॅदरिंगनंतर असाच सिद्धरामची लुना घेऊन निघाला आणि मुरूडच्या वाटेवर खड्ड्यात गेला. उजवा हात प्लास्टरात. पेपर बुडाले, वर्ष गेलं.

दवाखान्यात त्याची आई मंजुळाबाई आली होती. पदरात भाकरी बांधून. ती कुणाला रागावली नाही. मुलाच्या प्लास्टरवरून हात फिरवला, मग मन्मथला बाहेर बोलावून एवढंच म्हणाली, "तू पीत न्हाईस म्हणत्यात. मग तुज्यावर टाकते बघ. हा माझ्याकडं यायला निघतो आन पोचत न्हाई. एवढं बघ बाबा."

एवढंच. मन्मथनं 'बघतो' म्हणून शब्द दिला. पण तिचं ते वाक्य मन्मथला असं चिकटलं, असं चिकटलं, की भुजंगच्या नोकरीची बातमी आल्याबरोबर त्याच्या तोंडून पहिलं निघालं, "पार्टी माझ्या खोलीवर! इंतजाम माझा, कायदाबी माझा!"

कायदाही त्यानं नीट विचार करून केला होता. पार्टी दुपारी चारला सुरू. ("दिवसाढवळ्या पितंय का बे कुणी?" "दिवसाढवळ्या खड्डा दिसतो.") आधी जेवायचं, मग प्यायचं. ज्याला नको त्याला कुणी आग्रह करायचा नाही. बिअरच्या एका ग्लासामागं पाण्याचा एक ग्लास. गाड्यांच्या चाव्या आल्या आल्या मन्मथकडं. आणि झोपायचं इथंच, घरी जायचं सकाळी.

सगळं जमलं होतं. पाणी सोडून. आणि पाण्याच्या ग्लासाशिवाय बिअरचा ग्लास नाही, हा तर मुख्य कायदा.

"बर्फ वितळला की पानीच होतंय की," सिद्धराम म्हणाला. तोही उदगीरकडचाच, लुनावाला.

"त्यो बर्फ मासळीवाल्याकडचा हाय. तुला वास आला न्हाई का?"

शेवटी मन्मथ घरमालकिणीकडं गेला.

घरमालकीण रत्नम्मा. गल्ली तिला अक्का म्हणायची. नवरा नागप्पा आडत बाजारात, आणि दर शनिवारी संध्याकाळी बाजारातली माणसं मिळून 'बसायची'. नागप्पांची स्कूटर गल्लीत शिरेपर्यंत रत्नम्मा दारात उभी असायची. स्कूटर आली, भिंतीला घासून थांबली, की ती काही न बोलता आत जायची. मन्मथची खोली तिच्या स्वयंपाकघराला लागून, मधे भिंत म्हणून पत्रा. तिकडं फोडणी दिली की इकडं ठसका लागायचा.

मन्मथ गेला तेव्हा रत्नम्मा पूजेला बसलेली. तळहातावर इष्टलिंग, आणि चमच्यानं थेंब थेंब पाणी.

"अक्का, दोन घागरी पाणी पायजे होतं."

रत्नम्मानं डोळे उघडले. त्या दिवसांत दोन घागरी पाणी मागणं म्हणजे दोन पाटल्या मागण्यासारखं होतं.

"कशाला?"

मन्मथला खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं बोलायची सोय नव्हती. समोर अक्काच्या तळहातावरचं लिंग, त्यावर पडणारा थेंब. तोंडातून निघालं, "महादेवाला."

"अभिषेक?"

मन्मथची मान हलली.

"पावसासाठी?"

एकदा हलायला लागलेली मान थांबेना.

"पोरं पोरं मिळून करूलालाव?"

पुन्हा हलली.

रत्नम्माचे डोळे भरून आले. त्याचंही असं होतं, की पाऊस रुसला की गल्लीतल्या महादेवाला पाण्यात बुडवायची रीत होती. गाभाऱ्याची मोरी बोळा घालून बंद करायची आणि पिंड बुडेपर्यंत पाणी ओतायचं. देवाचा जीव गुदमरला की तो पाऊस धाडतो. चैत्रापासून बायकांच्या मनात होतं, पण देवाला बुडवायला पाणी कुणाच्या घरी होतं? पाणी नाही म्हणून पाऊस मागायचा, आणि मागायलाच पाणी नाही.

"मोठ्या माणसाला सुचलं न्हाई आन कालेजच्या पोराला सुचलं," रत्नम्मा पदरानं डोळे टिपत म्हणाली. "जा तू. पूजा झाली की पाणी घेऊन येते."

"अक्का, गल्लीत काई सांगू नका हां. साधंच हाय."

"देवाचं काम लपवून करत्यात व्हय रे?"

मन्मथ मान खाली घालून परत आला. आणि खोलीत बघतो तर भुजंगच्या हातात रिकामी बाटली.

"आरं! जेवल्याबिगर? पाण्याबिगर?"

"उन्हानं फुटली असती बे," भुजंग म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर ते ओळखीचं हळवं हसू यायला लागलं होतं. "मन्मथ, माझी माय काय करत आसंल रे आता?"

व्यंकटीनं, जो लोह्याहून खास आपली राजदूत घेऊन आला होता, पटकन खिशावर हात ठेवला.

मन्मथ ओरडला. म्हणजे खोलीत बोलण्यासारखं ओरडला नाही, मैदानात कवायत घेतल्यासारखा ओरडला. "चाव्या! सगळ्यांच्या! आत्ताच्या आत्ता! आज कुणी गाडीवर बसायचं न्हाई! भुजंगच्या मायला मी शबूद दिलाय! आधी भाकरी खायाची, मग एका गिलासामागं पाण्याचा एक गिलास! आन ज्याला चढली त्यानं हितंच आडवं व्हायचं!"

पत्र्यापलीकडं रांजणाचं कुलूप उघडल्याचा आवाज आला आणि तसाच मधेच थांबला. पण इकडं कुणाचं लक्ष होतं?

भुजंग खिडकीतून मुरूडची दिशा शोधत होता तेवढ्यात मन्मथनं चाव्या गोळा केल्या. राजदूतची, लुनाची, आणि दोन सायकलींच्या कुलपांच्याही, कारण भुजंगचा नेम नाही, तो सायकलनंही मुरूड गाठायला निघेल. आता ठेवायच्या कुठं? मागच्या वर्षी लुनाची चावी उशीखाली ठेवली होती, त्यानं शोधली. त्याआधी एकदा तांदळाच्या डब्यात ठेवली होती, तीही शोधली. आईची आठवण आली की भुजंगला चावीचा वास यायचा. मन्मथनं चौफेर बघितलं. कोपऱ्यात त्याची तांब्याची घागर होती, कोरडी ठणठणीत. दुष्काळात घागरीत कोण बघणार? त्यानं चाव्या अलगद आत सोडल्या.

"आता जेवा," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याला जरा हलकं वाटलं.

तेवढ्यात दार वाजलं.

दारात रत्नम्मा. डोक्यावर घागर. तिच्यामागं गुणाबाई, कळशी घेऊन. तिच्यामागं शिवकांता, बादली घेऊन. तिच्यामागं अख्खी गल्ली. कुणाकडं तांब्या, कुणाकडं पातेलं, एकीकडं तर दुधाची किटली. सगळ्या न्हालेल्या नव्हत्या, पण सगळ्यांनी कुंकू ताजं लावलं होतं.

"अक्कानं मघाशी सांगितलं तवाच स्वामीला निरोप दिलाय," गुणाबाई म्हणाली. "गाभाऱ्याची मोरी बी बंद केली. चला, उठा!"

पोरांनी एकमेकांकडं बघितलं. सिद्धरामनं पायानंच बाटल्या खाटेखाली ढकलल्या. त्या तिथं जाऊन एकमेकींवर आपटल्या आणि किणकिणल्या. "पितळंचं हाय," तो कुणी न विचारताच म्हणाला.

"पाणी कशात न्यायचं? अभिषेकाला तांब्याचीच घागर लागती," गुणाबाई म्हणाली.

"ही बघ की, हाय कोपऱ्यात," रत्नम्मा म्हणाली. आणि मन्मथ हात वर करेपर्यंत तिनं आपली घागर त्याच्या घागरीत उपडी केली.

बुडबुड आवाज झाला. वर केलेला हात मन्मथनं कपाळाला लावला.

मग एकेक बाई पुढं आली. ओतताना जी ती सांगत होती, मन्मथला नाही, देवाला; पण ऐकू मन्मथलाच येत होतं. "धुण्याचं ठिवलं हुतं, ऱ्हाऊ दे धुणं." "पोराच्या आंगुळीचं हाय." घागर गळ्यापर्यंत भरली, मग बादली भरली. सगळ्यात शेवटी पंचफुलाबाई आली, गल्लीच्या टोकाला एकटी राहणारी म्हातारी. तिच्या हातात पितळी पेला होता.

"माझ्या च्याचं हाय," ती म्हणाली. "आज च्या न्हाई केला. तुमी पोरांनी मनावर घेतलंय तर म्या बी घेते."

पेलाभर पाणी तिनं असं जपून ओतलं, की एक थेंब घागरीच्या काठावर राहिला तोही बोटानं आत लोटला.

मन्मथचा चेहरा पांढरा पडला. पार्टीसाठी पाणी मागायला गेलेला माणूस, आणि एका म्हातारीचा चहा घेऊन बसलेला. "अक्का," तो रत्नम्माजवळ जाऊन पुटपुटला, "मला काई सांगायचंय."

"देवापुढं सांग. घागर उचला!"

घागर उचलायची कुणी? आणि इथं मन्मथचं डोकं चाललं. भुजंग तेवढ्यात हळूच त्याच्या कानाशी आला होता. "मन्मथ, गर्दीत निसटतो बे मी. माझी माय एकटी हाय. चावी दे."

"चावी देतो," मन्मथ म्हणाला, "आधी ही घागर देवळात नेऊन दे."

अशा रीतीनं ज्या चावीसाठी भुजंग तडफडत होता, तीच खांद्यावर घेऊन तो निघाला.

मिरवणूक बघण्यासारखी होती. पुढं भुजंग, खांद्यावर भरलेली घागर. मागं बादली धरून सिद्धराम आणि व्यंकटी. त्यांच्यामागं बायका 'हर हर महादेव' म्हणत. आणि सगळ्यांच्या मागं मन्मथ, फाशीला निघालेल्या माणसासारखा. भुजंग पहिल्या दोन पावलांत डुलला. बायका ओरडल्या.

"आरं जपून! लई कष्टाचं पाणी हाय ते!"

"माझ्या लेकराची आंगुळ हाय त्यात!"

"माझा च्या हाय!" मागून पंचफुलाबाई.

आणि काय झालं कुणास ठाऊक. भुजंग थांबला. त्यानं घागरीला दोन्ही हातांनी मिठी मारली, तो मोडून जुळलेला हातही त्यात आला. डोळे मोठे केले आणि जमिनीकडं बघून पाऊल टाकायला लागला. अख्ख्या गल्लीचं पाणी खांद्यावर असल्यावर माणसाला डुलता येत नाही. त्याच्या कपाळावर घाम आला, पण घागरीतून थेंब सांडला नाही. अर्ध्या वाटेवर तो म्हणाला, "आरं, घागरीत काय वाजूलालंय?"

"देवाची घंटा आसंल," गुणाबाई भक्तीनं म्हणाली.

"आतूनच?"

"चल रे बाबा!" मन्मथ ओरडला.

देवळात विरूपाक्ष स्वामी विभूती लावून तयार होते. मोरीला बोळा बसवलेला. गाभाऱ्याच्या दारात बायकांची दाटी. भुजंगनं घागर टेकवली आणि तिथंच उभा राहिला, पाण्यानं नाही पण घामानं न्हालेला.

"स्वामी," मन्मथ पुढं झाला, "अभिषेकाच्या आधी मला एक—"

"आधी अभिषेक. मग बोला."

"पण त्याआधीच—"

"पोरा, पाणी आलं की देव थांबत न्हाई. उचल रे घागर."

भुजंगनं घागर उचलून तिरकी केली. पाण्याची धार पिंडीवर पडली. बायकांनी हात जोडले. चैत्रापासून कोरडी पडलेली ती काळी पिंड ओली होऊन चमकायला लागली, आणि खरं सांगतो, क्षणभर सगळे सगळं विसरले. मन्मथसुद्धा. पंचफुलाबाईचे ओठ हलत होते.

आणि मग घागरीच्या तळातून धारेबरोबर आली राजदूतची चावी. ठण्! पिंडीच्या माथ्यावर. मग लुनाची. ठण्! मग सायकलींच्या कुलपांच्या बारक्या चाव्या, एकामागं एक, टिण टिण करत पिंडीवरून घसरून खाली पाण्यात.

मंत्र थांबले. सगळी गल्ली थांबली.

"चावी!" भुजंग म्हणाला. एवढा आनंद त्याला नोकरीच्या कागदानंही झाला नव्हता. तो वाकला.

"हात लावू नको!" स्वामी गरजले. "देवावर पडलेली वस्तू हाय ती!" मग त्यांनी चष्मा नीट केला आणि पाण्यात बघितलं. "हे काय म्हणायचं?"

सगळ्यांचे डोळे मन्मथवर. त्याला वाटलं, आता धरणी दुभंगावी. पण दुष्काळानं ती आधीच सगळीकडं दुभंगलेली, आणखी कुठं दुभंगणार? त्यानं पंचफुलाबाईकडं बघितलं आणि ठरवलं, बास. आता खोटं नाही.

"मी टाकल्या," तो म्हणाला. "आज ह्यातल्या कुणी गाडीवर बसू नये म्हणून टाकल्या. हा भुजंग... त्याच्या मायला शबूद दिलता मी. सोमवारी त्याला नोकरीवर धड पोचवायचं हाय. पाणी मी त्यासाठीच मागितलं. अभिषेकाचं तोंडातून आपसूक निघालं. आज खोलीवर आम्ही..."

"पायी चालायचा नेम केलाव," रत्नम्मा मधेच म्हणाली.

"अक्का, तसं न्हाई—"

"तसंच हाय." तिनं गल्लीकडं वळून सांगितलं, एकदम ठसक्यात. "पोरांनी पाऊस पडेस्तोवर गाडीवर बसायचं न्हाई म्हणून नेम केलाय. चाव्या देवाच्या पायाशी वाहिल्या. आता पाऊस पडल्यावर देवच वापस देईल. काय स्वामी?"

स्वामींनी पोरांकडं बघितलं, भुजंगकडं जरा जास्त वेळ बघितलं, नाकानं एकदा हवा ओढली, आणि डोळे मिटून म्हणाले, "असा नेम मी आजवर बघितला न्हवता. पण चांगला हाय."

"आन मी लोह्याला कसा जाऊ?" व्यंकटी केविलवाणा झाला.

"यष्टीनं," अख्खी गल्ली म्हणाली.

पंचफुलाबाईनं मन्मथच्या तोंडावरून हात फिरवला. "गाडी सोडणं सोपं न्हाई या वयात," ती म्हणाली, आणि मन्मथला रडू आवरेना.

खोलीवर परत आल्यावर कुणी बाटलीचं नाव काढेना. सगळे गुपचूप भाकरी खायला बसले. अर्ध्या जेवणात भुजंग म्हणाला, "मन्मथ, लई जड हुती बे घागर." मग ताटातली भाकरी संपवून म्हणाला, "उद्या यष्टीनं मायला बोलावतो. मी जाण्यापरीस तीच येऊ दे."

दार वाजलं. पुन्हा रत्नम्मा, पुन्हा डोक्यावर घागर. पोरं उठून उभी राहिली.

"बसा. देवाचं झालं, आता माणसाचं. प्यायला पाणी न्हाई ना तुमच्याकडं?" तिनं घागर ठेवली. "एका गिलासामागं एक गिलास म्हणालतास ना? एवढ्यात भागंल."

मन्मथच्या हातातला घास हातातच राहिला. "अक्का... तुमी ऐकलाव?"

"मधे पत्रा हाय रे मन्मथ. पलीकडं रांजण उघडलालते मी. तू लई मोठ्यांदा शबूद देतोस." ती खाटेखाली बघत नव्हती, अगदी ठरवून बघत नव्हती. "मला काई दिसलं न्हाई. दिसलं आसतं तर उद्या खोली खाली कर म्हणावं लागलं आसतं. पोरं आधी जेवलालीत, एवढं दिसलं."

"आन घागरीत चाव्या हायत हे..."

"चाव्या टाकल्या तर वाजत्यात," रत्नम्मा म्हणाली. जाता जाता दारात थांबली. बाहेर दिवेलागणीची वेळ होत होती. शनिवार होता, तिची दारात उभं राहायची वेळ. "ही चाव्या काढून घ्यायची युगत तुझीच का रे?"

"हाव अक्का."

"बरी हाय," ती म्हणाली आणि दारात जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी मंजुळाबाई मुरूडहून आली. मुलाचे हात बघितले, पाय बघितले, मागून पुढून फिरवून बघितलं, जसं बाजारातून भांडं घेताना कुठं पोचा नाही ना बघतात. "धड हाय," असं म्हणून ती मन्मथकडं वळली. "कुटं ठिवलतास ह्याला?"

"महादेवाकडं," मन्मथ म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं.

सोमवारी भुजंग जिल्हा कचेरीत पायी गेला. मागं त्याची आई, तिच्यामागं मन्मथ. कचेरीच्या नव्या पाटीखाली आई थांबली, आणि मुलगा आत गेल्यावरही ती बराच वेळ दाराकडंच बघत होती. या वेळी तो निघाला होता आणि पोचला होता.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण पुढच्या शनिवारी सकाळी विरूपाक्ष स्वामींनी गाभारा उघडला, तर पिंडीच्या पायाशी पोरांच्या चाव्यांशेजारी आणखी एक चावी. बजाज स्कूटरची. तिला लाल गोंडा, म्हणजे नागप्पांची. दुपारपर्यंत गुणाबाईच्या नवऱ्याची आली. मग शिवकांताच्या दिराची. मग बायका हळदीकुंकवाला जाव्यात तशा पदराखाली हात धरून यायला लागल्या. "नेम केलाय त्यांनी," असं जी ती सांगत होती. ज्यांनी नेम केला होता, त्यांना त्याची बातमी बसायला निघताना स्कूटरची चावी शोधली तेव्हा लागली.

देवाकडून चावी परत मागायची कुणाची छाती नव्हती. आडत बाजारातली मंडळी त्या शनिवारी रांगेनं पायी घरी आली. चालत यायचं म्हणजे लवकर उठावं लागलं, आणि लवकर उठायचं म्हणजे जरा वेळच बसता आलं. नागप्पा दिवेलागणीला दारात हजर. रत्नम्मा तव्यावरची गरम भाकरी त्यांच्या ताटात टाकत होती आणि पत्र्याअलीकडं मन्मथला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"त्या भाडेकरूला काय सांगू मी! पोरगं देवभोळं निघालं आन आमचे पाय गेले!"

"आणखी एक वाढू का?"

"...वाढ."

आषाढात एका दुपारी ढग आले. वारा सुटला, पत्रा वाजला आणि मोजके टपोरे थेंब गल्लीत पडले. नागप्पा, गुणाबाईचा नवरा, शिवकांताचा दीर, आणि लोह्याहून यष्टीनं आलेला व्यंकटी, सगळे देवळाकडं पळत सुटले. "स्वामी, पाऊस आला! नेम फिटला! चाव्या द्या!"

स्वामींनी गल्लीकडं बघितलं. बायका आपापल्या दारांत उभ्या होत्या. सगळ्यांनी हंडे, कळश्या, पातेली पन्हाळीखाली मांडून ठेवली होती, पंचफुलाबाईनं पेलासुद्धा. रत्नम्मानं तळहात पुढं केला, त्यावर एक थेंब झेलला, नीट निरखून बघितला.

"ह्याला पाऊस म्हणत्यात व्हय?" ती म्हणाली. "शिंतोडा हाय."

"शिंतोडाच हाय," गुणाबाई म्हणाली.

आणि स्वामींनी गाभाऱ्याचं दार हळूच लोटून घेतलं.